पेन्सिलीने लिहिलेले ‘हाच तो’: एका बिननावाच्या वैद्यकीय थरारकथेविषयी

धुळ्यातील ज्या वाचनालयाचा मी जुना सभासद आहे, तेथील इंग्रजी पुस्तकांच्या कपाटात ही कादंबरी हाती लागली. पुनर्बांधणी करताना तिचे मुखपृष्ठ आणि शीर्षकाचे पान ही दोन्ही गेली असून पाठीवर केवळ दाखल क्रमांक उरला आहे. त्यामुळे पुस्तकाचे व लेखकाचे नाव देता येत नाही, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. त्यात भर म्हणून कोणा पूर्वीच्या वाचकाने एकेचाळिसाव्या पानावर एका पात्राच्या नावाखाली रेघ मारून पेन्सिलीने ‘हाच तो’ असे लिहून ठेवले आहे. रहस्यकथेच्या बाबतीत याहून मोठा अपराध मला ठाऊक नाही.

एका अमेरिकी विद्यापीठात झोपेवरील संशोधनासाठी विद्यार्थी हवे असल्याची सूचना लागते. फीच्या विवंचनेतली मुले रात्री प्रयोगशाळेत झोपायला जातात, त्यांना एक औषध दिले जाते, उशीखालच्या स्पीकरमधून एकच वाक्य रात्रभर ऐकवले जाते, आणि काही आठवड्यांनी ती मुले त्यांची त्यांनाच उलगडत नाहीत अशी कृत्ये करू लागतात. वैद्यकशास्त्राची एक विद्यार्थिनी याचा माग काढते.

हे सारे लेखकाच्या डोक्यातून निघालेले नाही. अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेने १९५३ मध्ये ‘एमकेअल्ट्रा’ हा मनोनियंत्रणाचा गुप्त कार्यक्रम हाती घेतला होता. १९७३ मध्ये संचालक रिचर्ड हेल्म्स यांच्या आदेशाने त्याच्या फायली नष्ट करण्यात आल्या. मात्र हिशेबाची कागदपत्रे दुसरीकडे ठेवलेली असल्यामुळे वाचली, आणि १९७७ च्या सिनेट सुनावणीत असे उघड झाले की ज्या ८० संस्थांमधून हे काम चालले, त्यांपैकी ४४ महाविद्यालये व विद्यापीठे होती. रात्रभर वाजणारी टेपही खरीच आहे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाशी संलग्न रुग्णालयात डॉ. इवेन कॅमेरॉन औषधांच्या अमलाखालील मनोरुग्णांना एकच संदेश असंख्य वेळा ऐकवीत असत. त्याच विद्यापीठात, त्यापूर्वी काही वर्षे, मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी विद्यार्थ्यांना दिवसाला २० डॉलर देऊन डोळे, कान व हात झाकलेल्या अवस्थेत पडून राहायला सांगितले होते. रक्कम चांगली असूनही बहुतेकांना दोन-तीन दिवसांपलीकडे ते सोसवले नाही.

कादंबरीतील सर्वोत्तम प्रकरण संमतिपत्राचे आहे. चार पानी बारीक अक्षरांचा मजकूर, वाट पाहणारा कारकून, मागे उभी असलेली रांग आणि सही होताच हातात पडणारे पाकीट, एवढ्या सामग्रीवर लेखकाने जी धास्ती उभी केली आहे, ती पुढच्या पाठलागांना आणि बंद तळघरांना साधलेली नाही. धडगाव-तळोद्याकडून आमच्या वसतिगृहात येणारी, घरी पावरी किंवा भिलोरी बोलणारी मुले समोर येईल त्या कागदावर ‘कुठे करू सर?’ एवढेच विचारून सही करतात, हे मी दरवर्षी पाहतो. म्हणून हे प्रकरण मी दोनदा वाचले. सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत माहिती द्यावी आणि मोबदला भुरळ पाडण्याइतका नसावा, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. कथेतील प्रयोग या दोन अटींवरच कोसळला असता.

औषधांच्या बाबतीत मात्र लेखकाने सवलत घेतली आहे. मी फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधांच्या परिणामांचे शास्त्र, शिकवतो, त्यामुळे जिभेवर एक थेंब पडताच मुलगा आज्ञाधारक होतो, हे वाचताना मला पुस्तक मिटून ठेवावेसे वाटले. एलएसडीसारखे भास निर्माण करणारे द्रव्य मायक्रोग्रॅमच्या मात्रेत परिणाम करते हे खरे. परंतु तोंडावाटे घेतल्यास त्याला सुमारे अर्धा-पाऊण तास लागतो, अंमल आठ-दहा तास टिकतो आणि त्या काळात माणूस कसा वागेल याचा भरवसा देणाऱ्यालाही नसतो. मिडाझोलामसारखी गुंगीची औषधे घडलेल्या गोष्टीची आठवण पुसू शकतात, पण विसरणे म्हणजे हुकूम पाळणे नव्हे. खुद्द एमकेअल्ट्राचे प्रमुख सिडनी गॉटलीब यांनीही अखेरीस हा खटाटोप निरुपयोगी ठरल्याचे मान्य केले. नोव्हेंबर १९५३ मध्ये नकळत एलएसडी पाजले गेलेले शास्त्रज्ञ फ्रँक ओल्सन नऊ दिवसांनी न्यूयॉर्कच्या हॉटेलच्या खिडकीतून पडून मरण पावले. तो कार्यक्रम माणसे मोडू शकला, चालवू शकला नाही. लेखकाने प्रयोग यशस्वी दाखवला, आणि त्यामुळे शेवटची शंभर पाने एका खलनायकाला पकडण्यात खर्ची पडली. निष्फळ प्रयोग वर्षानुवर्षे चालू ठेवणारे, एरवी सभ्य असलेले प्राध्यापक त्याहून कितीतरी भयंकर वाटले असते.

भाषा सोपी आहे. बारावीनंतरच्या विद्यार्थ्याला शब्दकोश फारसा लागणार नाही. मी पाचपैकी तीन गुण देईन, त्यातला एक निव्वळ संमतिपत्रासाठी.

पुस्तक परत करताना ती पेन्सिलीची रेघ खोडून टाकावी म्हणून खोडरबर सोबत नेले होते. परंतु पूर्वीच्या वाचकाचा अंदाज साफ चुकलेला असल्यामुळे ती तशीच राहू दिली आहे.