अझेलिक ॲसिड १५ टक्के जेल: गुण आला, पण ट्यूबने वैताग आणला

परवा ट्यूब पुन्हा फाटली म्हणून लिहायला बसले. मागून दुमडत आणलेली ॲल्युमिनियमची ट्यूब, दुमडीच्या कोपऱ्यावर नखाएवढी चीर, आणि पर्समधल्या रुमालाला पांढरं जेल फासलेलं. मेडिकलवाले भाऊ म्हणाले, "ताई, फोडलेला माल कंपनी परत घेत नाही." कंपनीच्या नंबरवर सल्ला मिळाला, ट्यूब हळू दाबा. आणखी किती हळू दाबायची? १५ ग्रॅम माल. दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा ग्रॅम लावला तर पंधरवड्यात संपतो. त्यातलं थेंबभर वाया गेलं तरी जिवाला लागतं.

मला रोझेशिया आहे, म्हणजे चेहरा लाल होऊन पुरळ येण्याचा त्वचेचा आजार. आपल्या सावळ्या रंगात लाली पटकन दिसत नाही. गाल भाजल्यासारखे होतात, बारीक पुरळ येतं, आणि घरचे म्हणतात अंगात उष्णता झाली. सब्जा, मुलतानी माती, लिंबू सगळं सुचवून झालं होतं. लातूरच्या त्वचारोगतज्ज्ञ मॅडमनी आधी ते सगळं बंद करायला लावलं, मग हे जेल लिहून दिलं.

सुरुवातीला मी याला एकच स्टार देणार होते. लावलं की नाकाच्या बाजूला मुंग्या चावल्यासारखं व्हायचं. मॅडम म्हणाल्या, चेहरा धुतल्यावर पूर्ण कोरडा होऊ द्या, आधी सेरामाईडचं (त्वचेचा ओलावा टिकवणारं) साधं क्रीम लावा, त्यावर जेल, आणि काही दिवस एक दिवसाआड. तेव्हापासून चुरचुर सोसण्यासारखी झाली. पुरळ दिवाळीच्या आसपास बसलं. लाली मात्र हळूहळू उतरते, दोन-तीन महिने धीर धरावाच लागतो. आता चार स्टार. पाचवा ट्यूबने खाल्ला.

खरी परीक्षा एप्रिलमध्ये झाली. पारा ४० च्या वर, औशाच्या रस्त्याने स्कूटीवर शाळेत जायचं, तोंडाला स्कार्फ. ऊन लागू नये म्हणून स्कार्फ गच्च बांधावा तर आत वाफ धरते आणि गाल पेटतात. पातळ सुती, सैल बांधलेलाच बरा. सनस्क्रीन झिंक ऑक्साईडचं घेतलं. पांढरट दिसतं, पण डोळ्यांत झोंबत नाही. चुलीपुढं भाकरी केल्या किंवा कडक चहा घेतला की अजूनही गाल तापतात. हे जेल त्यावर रामबाण नाही.

एक कळकळीनं सांगते. माझ्या जाऊबाईंना मेडिकलमधून कुणीतरी "गोरं करणारं" क्रीम दिलं. आत मोमेटासोन, म्हणजे स्टेरॉईड. पंधरा दिवस चेहरा आरशासारखा, थांबवलं की आगडोंब. २०१८ पासून अशा कितीतरी स्टेरॉईड मलमांना डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची आहे, तरी काउंटरवरून सर्रास मिळतात. बायांनो, डब्यावरची बारीक अक्षरं वाचा; नावाच्या शेवटी 'सोन' किंवा 'सोल' दिसलं की आधी डॉक्टरांना विचारा.

पुन्हा ट्यूबकडं येते. ॲल्युमिनियम दाबलं की परत फुगत नाही, आत हवा जात नाही, हे मान्य. पण मग पत्रा एवढा पातळ कशाला? आता मी दुमडत नाही. सपाट ठेवून पोळपाटावर लाटण्यानं पुढं सरकवते, आणि पर्सऐवजी साबणाच्या रिकाम्या डबीत नेते. पुढच्या वेळी मॅडमना विचारून हेच १५ टक्के जेल प्लास्टिक ट्यूबमध्ये देणारी दुसरी कंपनी घेणार आहे, दहा-वीस रुपये जास्त गेले तरी.