तीन उधाणं हुकली : २४ फुटी शिडाच्या होडीच्या सामानाचा एका हंगामाचा अनुभव

आमची होडी २४ फुटी, फायबरची, एका डोलकाठीची. मी आणि माझा चुलत भाऊ अशी दोघांची भागी. पावसाळ्यात ती रेवसजवळ खाडीकाठच्या एका आवारात शाकारून ठेवतो आणि पाऊस परतला की पाण्यात सोडतो. २०२४-२५ च्या हंगामात कोजागिरीच्या उधाणाला होडी सोडायची असं ठरवलं होतं. ती पाण्यात गेली २ डिसेंबरला, कार्तिकातल्या अमावास्येच्या भरतीवर.

उधाणांनी दिवस का मोजते, ते सांगते. आमच्या होडीची कील, म्हणजे तळाखालचा जड पाटा, खोल आहे. त्या आवारासमोर तिला पुरेल एवढं पाणी फक्त पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या भरतीला येतं. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी भरतीला कील गाळात टेकते. म्हणजे एखादा सुटा भाग दोन दिवस उशिरा आला तर होडी दोन दिवस नाही, पंधरा दिवस लांबते. कोजागिरी गेली, दिवाळीची अमावास्या गेली, त्रिपुरी पौर्णिमाही गेली. प्रत्येक वेळी कारण वेगळं होतं. कंपन्यांची आणि दुकानांची नावं देत नाही, कारण हे सामान आपल्याकडे कुठल्याही छापाचं घेतलं तरी अडचण जवळपास हीच येते.

पहिलं उधाण इंजिनाने खाल्लं. ६ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन), जानेवारी २०२४ मध्ये नवं घेतलेलं. मे महिन्यात होडी काढताना आम्ही गोड्या पाण्याने इंजिन धुतलं, तेल बदललं, पण टाकीत आणि कार्बोरेटरमध्ये पेट्रोल तसंच राहू दिलं. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये २०२२ पर्यंतच सरासरी १० टक्के इथेनॉल आलं होतं आणि आता ते २० टक्क्यांच्या आसपास आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. खाडीकाठच्या दमट हवेत चार महिन्यांत ते इतकं साठतं की पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून सुटून तळाशी बसतं. सप्टेंबरअखेरीस कार्बोरेटरची खालची वाटी उघडली तेव्हा आत पांढरट-हिरवा चिकट थर होता आणि जेटचं बारीक भोक पूर्ण बुजलं होतं. साफ करता आलं, पण वाटीचं गॅस्केट फुगून बेढब झालं होतं. ते सुटं मिळेना. पूर्ण किट मागवावा लागला आणि तो यायला १९ दिवस लागले.

त्यात मेकॅनिक मिळणं हा वेगळाच भाग. जुलैतच मी कोळीवाड्यातल्या ज्या मेकॅनिककडे जाते तिथे गेले होते. ते म्हणाले, "ताई, १ ऑगस्टला बंदी उठते. त्याच्या आत एवढी इंजिनं द्यायचीत. तुमची होडी हौसेची आहे, यांचं पोट आहे." हे ऐकून मला जराही राग आला नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे सगळ्यांची दुरुस्ती त्याच दोन महिन्यांत येते. पुढे नारळी पौर्णिमा, मग गणपतीला अर्धी माणसं गावाला. हौसेच्या होडीचा नंबर लागता लागता सप्टेंबर संपतो. त्यांचं काम मात्र चोख. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा थंड करणाऱ्या पाण्याची बाजूने येणारी धार बारीक होती. त्यांनी लगेच बंद करायला लावलं आणि पंप खोलला. पाणी ढकलणाऱ्या रबरी चक्राच्या, इंपेलरच्या, सहा पाकळ्यांपैकी दोन गायब. मी नवा इंपेलर बसवायला निघाले होते, त्यांनी हात धरला. "त्या दोन पाकळ्या कुठे गेल्या, आधी ते बघा." एक पंपाच्या घरातच सापडली. दुसरी वरच्या नळीच्या वळणावर अडकली होती, वाकडी तार घालून काढली. ती तिथेच राहिली असती तर नव्या इंपेलरनेही धार बारीकच आली असती आणि भर पाण्यात इंजिन तापलं असतं.

दुसरं उधाण तारेमुळे गेलं. डोलकाठी आडवी स्टँडवर होती, म्हणून तिला उभी धरून ठेवणाऱ्या बाजूच्या तारा नीट तपासता आल्या. पद्धत साधी आहे : टिश्यू पेपर तारेभोवती गुंडाळून वरपासून खालपर्यंत सरकवत न्यायचा. उजव्या बाजूच्या तारेच्या खालच्या टोकाशी, जिथे ती पोलादी नळीत दाबून बसवलेली असते, तिथे कागद अडकला. १९ पेडांपैकी एक तुटलेला, टोक केसाएवढं बाहेर आलेलं. नळीच्या तोंडाशी खारं पाणी शिरून बसतं, प्राणवायू पोहोचत नाही आणि चकचकीत दिसणारं स्टेनलेस आतून सडतं. एक तुटला की बाकीच्यांवर विश्वास ठेवू नये. आम्ही सगळ्या तारा बदलायच्या ठरवल्या.

तार मुंबईतच मिळते, पण जपून घ्या. मला '३१६' (खाऱ्या पाण्यात जास्त टिकणारं स्टेनलेस) म्हणून दाखवलेला पहिला नमुना प्रत्यक्षात ३०४ (साधं स्टेनलेस) निघाला. लोहचुंबकाने हा फरक खात्रीने कळत नाही. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि त्याचंच तपासणीचं द्रावण मिळतं. एक थेंब टाकायचा आणि रंग बदलतो का पाहायचं. ती छोटी बाटली या वर्षातली माझी सगळ्यात उपयोगी खरेदी. नळी दाबून बसवणारं यंत्र जवळपास कुठेच नव्हतं, म्हणून पाना फिरवून आवळायची, आत शंकू असलेली टोकं मागवली. महाग आहेत, यायला दिवाळी उलटली, पण पुढच्या वेळी तार बदलताना तीच टोकं पुन्हा वापरता येतात, फक्त आतला शंकू नवा घालायचा. पाच महिने वापरल्यावर एकही सैल झालेलं नाही.

तिसरं उधाण फर्लरने नेलं, आणि त्याबद्दल माझं मत ठाम झालंय. पुढचं शीड गुंडाळणारं हे यंत्र चाललं तर फार सोयीचं आहे. आमचं अर्ध्यावर अडायला लागलं होतं. खोललं तर खालच्या ड्रममधल्या बेअरिंगच्या प्लॅस्टिकच्या गोळ्या उन्हाने आणि मिठाने चिरा पडून फुटलेल्या. साध्या गोळ्या, पण सुट्या विकत नाहीत. पूर्ण ड्रम परदेशातून मागवा म्हणाले. पैसे भरले, आणि मग आयातीची कागदपत्रं, ओळखपत्राची पडताळणी, कर, असं करत पार्सल सात आठवडे आलं नाही. फोन केला की रोज नवं उत्तर. भाऊ म्हणाला, "आहे तसंच सोडू, नंतर बसवू." मी नाही म्हटलं. वारा वाढला आणि शीड अर्धं गुंडाळून अडकलं, तर ते खाली उतरवताही येत नाही. नौदलाची शिडाची नौका 'तारिणी' २०१८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणेच्या शेवटच्या टप्प्यात सुकाणूच्या बिघाडामुळे मॉरिशसला वळली होती. तिच्यावर सहा तयार अधिकारी होत्या. आम्ही दोघंच असतो.

शेवटी फर्लर उतरवला. लॉकरमध्ये जुनं जिब, म्हणजे पुढचं साधं शीड होतं, पितळी हूक लावून थेट तारेवर चढवायचं. शिवण उन्हाने कुजली होती, बोटाने दोरा ओढला तर तुटत होता. कापड मात्र चांगलं. अलिबागच्या एका ताडपत्री शिवणाऱ्या काकांनी पॉलिएस्टरच्या जाड दोऱ्याने सगळ्या शिवणी झिगझॅग घालून दोन दिवसांत परत दिलं. शिडाच्या वरच्या टोकाला एक बारीक दोर बांधून, खाली कप्पीतून मागे बसायच्या जागेपर्यंत आणला. आता शीड खाली घ्यायचं तर तिथूनच दोर ओढायचा. तोटा आहेच : शीड लहान करता येत नाही, आणि भिजलेलं शीड पिशवीत भरायला नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, जावंच लागतं.

तळाच्या रंगाचं थोडक्यात : पावसात लावू नका. आम्ही सप्टेंबरमध्ये घाई केली, एका कडेला फोड आले, खरवडून ऑक्टोबरअखेर पुन्हा लावला.

वापर कसा झाला? डिसेंबर ते मे, बहुतेक दर शनिवार-रविवार. सकाळी मतलई वाऱ्यावर बाहेर, दुपारी खारा वारा भरला की परत. फेब्रुवारीत खांदेरीला वळसा घालून येताना थळसमोर वारा एकदम चढला. भावाने सुकाणू धरलं, मी दोर ओढला आणि जिब दहा मोजायच्या आत डेकवर होतं. बाजूच्या नव्या तारा ताठ, एका सुरात गुणगुणत होत्या. त्या क्षणी तीन उधाणांचं दुःख उरलं नाही.

२०२५ च्या मे महिन्यात होडी अमावास्येच्या उधाणाला काढायची प्रथा मोडली आणि बुद्ध पौर्णिमेलाच बाहेर घेतली, म्हणजे मेकॅनिककडे मासेमारीच्या होड्या यायच्या आत आपलं काम व्हावं. पुढे २४ मेला कोकण किनाऱ्यावर कमी दाबाचं क्षेत्र आलं आणि २६ मेला मान्सून मुंबईत दाखल झाला. तोवर आमचं इंजिन तपासून घरी आलं होतं. ते पडवीत स्टँडवर आहे, टाकी रिकामी, वाटीचा स्क्रू उघडून कार्बोरेटर कोरडा केलेला, आणि शेजारी डब्यात दोन इंपेलर आणि एक गॅस्केट किट. फर्लरचा ड्रम जानेवारीत आला, त्याचं खोकं अजून उघडलेलं नाही. भाऊ म्हणतो बसवू या. मी म्हणते, त्या गोळ्या इथे कुणी बनवून देतं का ते आधी बघू.