टिळकवाडीतला तत्त्वज्ञानाचा क्लास : जावा, पण ऐकून घ्यायची तयारी ठेवून

बेळगावात तत्त्वज्ञानाचा क्लास चालतो म्हटलं की लोकांना वाटतं प्रवचन असणार, नाहीतर ध्यानबिन. तसलं काही नाही हे आधीच सांगतो. टिळकवाडीत एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर शनिवारी संध्याकाळी कॉलेजातनं रिटायर झालेले एक सर घेतात, महिन्याला दोनशे रुपये, आणि येणाऱ्यांत दुकानदार, नर्स, वकील, बीएची पोरं, खानापूरहून येणाऱ्या एक शिक्षिका असं सगळं मिक्स असतंय.

मी स्वतः बीएला तत्त्वज्ञान घेतलं होतं. कॉलेजचं नाव घेत नाही, पण तिथं नोट्स उतरवून घ्यायच्या, देकार्तचे चार मुद्दे कांटचे पाच मुद्दे पाठ करायचे आणि पेपरात ओकायचे, तीन वर्षांत एकदासुद्धा कुणी विचारलं नाही की बाबा तुला हे पटतंय का आणि नसेल तर का नाही. मार्क चांगले पडले, विषय मात्र हाताला लागला नाही तो नाहीच.

इथं एकच नियम आहे आणि माझ्या मते सगळी किंमत त्या नियमाचीच आहे. समोरच्याला उत्तर द्यायच्या आधी त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडायचं आणि "होय, मला हेच म्हणायचंय" असं त्यानं म्हटल्याशिवाय पुढं जायचं नाही. सर म्हणतात यात माझं काही नाही, आपल्याकडं शंकराचार्यांच्या भाष्यात आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू येते, मग सिद्धान्त, म्हणजे आपलं मत, पूर्वपक्ष कच्चा मांडला की सिद्धान्तही कच्चाच राहतो.

हे ऐकायला सोपं वाटतं. करून बघा.

प्लेटोचा 'क्रिटो' हा संवाद चालू होता. इसवी सनापूर्वी ३९९ ला सॉक्रेटिसला मृत्युदंड झालाय, पहाटेच्या अंधारात म्हातारा मित्र क्रिटो तुरुंगात येऊन सांगतोय की पैसे चारून सगळी सोय केलीय, चल पळून जाऊ, आणि सॉक्रेटिस म्हणतो थांब, आधी बघू पळणं बरोबर आहे का. मग तो अथेन्सच्या कायद्यांनाच बोलतं करतो, की सत्तर वर्षं आमच्या छायेत राहिलास, पटत नव्हतं तर जायला मोकळा होतास, आता आमचं मन वळव नाहीतर आम्हाला पाळ. इथं खडेबाजारचे एक दुकानदार काका उसळले. म्हणाले, मग दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड हा कर्नाटकचा कायदा पण आम्ही गप पाळायचा का? वर्गात एकदम शांतता, कारण शेजारीच एक कन्नड पोरगा बसलेला. सरांनी विषय टाळला नाही. काकांना म्हणाले तुम्ही कायद्याची बाजू मांडा, आणि पोराला म्हणाले तू काकांची. काकांनी पहिल्यांदा जे सांगितलं त्याला पोरानं मान हलवली नाही, दुसऱ्यांदाही नाही, तिसऱ्यांदा काका म्हणाले "स्वतःच्याच राज्यातल्या बाजारात आपली भाषा दिसेनाशी होईल ही भीती आहे, ती खोटी नाही", तेव्हा पोरगा होय म्हणाला. आणि त्या पोरानं घटनेचं २९ वं कलम काढून, अल्पसंख्याकांना आपली भाषा जपायचा हक्क आहे इथपासून जी बाजू मांडली, ती आमच्या मराठीवाल्यांच्या भाषणांतसुद्धा इतकी नीट मांडलेली मी ऐकलेली नाही. कुणाचं मत बदललं असं नाही, काका अजून कायद्याच्या विरोधातच आहेत. पण सीमाभागात जन्म काढून या विषयावर दोन तास बसून बोलणं झालंय आणि कुणाचा आवाज चढला नाही, हे मी तरी पहिल्यांदाच बघितलं.

अमृतानुभवाचं सातवं प्रकरण पण असंच घेतलं. अज्ञानखंडनाचं, म्हणजे अज्ञान अशी काही वस्तू आहे हे मत खोडून काढणारं हे प्रकरण ग्रंथातलं सगळ्यात मोठं, घरी पारायणात ऐकलेलं, पण ज्ञानेश्वर तिथं समोरच्याचा एकेक मुद्दा घेऊन तोडत जातात हे कधी लक्षातच आलं नव्हतं. तत्त्वज्ञ गुरुदेव रा. द. रानड्यांबद्दलही सर मनापासून बोलतात. जमखंडीत जन्म, फर्ग्युसन आणि अलाहाबादला शिकवलं, १९२६ ला उपनिषदांवरचा मोठा ग्रंथ, मराठी संतांवर लिहिलं तसंच कन्नड संतांवरही, आणि त्यांच्या नावाचं मंदिर आपल्या हिंदवाडीत. रोज समोरनं जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

आता उणं काय ते पण सांगतो. कांट दोन शनिवारांत उरकला, निम्म्या लोकांच्या डोक्यावरनं गेला. झेरॉक्स इंग्रजीत आणि अक्षर बारीक, त्या नर्सताईंना शेजारच्याकडनं समजून घ्यावं लागतंय, निदान दोन पानांचा मराठी गोषवारा द्यायला काय हरकत आहे? जिना अरुंद आणि उभा, गुडघेदुखीवाल्यांनी विचार करून जावं. वेळ पाळली जात नाही, साडेआठला संपायचं ते नऊ होतात आणि खानापूरच्या बाईंची मधनंच उठून बससाठी धावाधाव होते, यावर सरांनी खरंच काहीतरी करायला पाहिजे.

पाचात चार स्टार. नुसतं ऐकायला जाणार असाल तर कंटाळाल, भांडायला जाणार असाल तर दुसऱ्याच शनिवारी यायचं बंद कराल. बीए-एमएची पोरं असतील तर त्यांनी जावंच. पुढच्या महिन्यापासून ईशोपनिषद सुरू होतंय, नवीन लोकांना घेतायत, फी पहिल्या शनिवारी तिथंच भरायची.