पोटरीचं दुखणं: अँजिओप्लास्टी आधी की चालणं आधी?

सांगलीचा आयर्विन पूल एका दमात ओलांडणारे माझे वडील मध्येच कठडा धरून थांबायला लागले. पोटरी आवळून यायची, दोन-तीन मिनिटं उभं राहिलं की सुटायची. आम्ही वात समजून वर्षभर तेल चोळलं. शेवटी घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागून आकडा काढला. तो ०.९० किंवा कमी आला की पायाच्या धमन्या अरुंद झाल्यात असं धरतात. (मधुमेहात धमन्या कडक होऊन हा आकडा फसवा चांगला येतो. १.४० च्या वर असेल तर पायाच्या अंगठ्यातला दाब मोजायला सांगा.)

अँजिओप्लास्टीत अरुंद जागा फुग्याने रुंदावतात, लागलं तर स्टेंट बसवतात. आराम लवकर पडतो. कमरेजवळच्या धमनीत तो बराच टिकतो, मांडीत पुन्हा अरुंद होण्याची शक्यता जास्त. पण दुरुस्त होते ती तेवढीच जागा.

चालण्याचा व्यायाम म्हणजे नुसता फेरफटका नव्हे. पोटरी चांगली दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा निघायचं. ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून किमान तीनदा, निदान १२ आठवडे. सुरुवातीचा महिना फार चिकाटीचा असतो. मात्र याचा फायदा सगळ्या अंगाला मिळतो. धमनीचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं, त्याने ती गरजेला रुंदावते. हे अस्तर पायात बिघडलं असेल तर बहुधा हृदयाच्या धमन्यांतही बिघडलेलं असतं. म्हणून या रुग्णांना पाय गमावण्यापेक्षा हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचाच धोका मोठा असतो. व्यायामाने अस्तराचं काम सुधारतं. पायातल्या स्टेंटने हृदयाचा धोका कमी होत नाही.

फक्त चालताना दुखत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: हृदय तपासून घ्या आणि आधी चाला. तीन महिन्यांनीही रोजची कामं अडत असतील तर मिरजेला जाऊन अँजिओप्लास्टीचं विचारा. बसल्या-झोपल्या पाय दुखतो, जखम भरत नाही, बोट काळं पडतंय, अशा वेळी मात्र चालून बघण्यात वेळ घालवू नका, लगेच रक्तवाहिन्यांच्या सर्जनला दाखवा. पाय अचानक गार आणि पांढरा पडला तर हातात काही तासच असतात.

कोलेस्टेरॉलची गोळी आणि डॉक्टरांनी दिलेली रक्त पातळ ठेवणारी गोळी दोन्ही उपचारांत चालूच राहते. तंबाखू, विडी, मिसरी मात्र आजच सोडायची. वडिलांना चालण्यापेक्षा तेच जड गेलं.