प्रोटीन डेटा बँकेतला थर्मस रायबोसोम: खजिना मोठा, पण क्रमांक सांभाळा

थर्मस थर्मोफिलस हा जपानच्या इझू भागातल्या गरम झऱ्यात सापडलेला जिवाणू. ७० अंशांच्या आसपास तो मजेत वाढतो. त्याच्या रायबोसोममधलं (पेशीतलं प्रथिनं बनवणारं यंत्र) एकेक प्रथिन कुठे आणि कसं बसलंय हे पाहायचं, तर प्रोटीन डेटा बँकेला (पीडीबी, रेणूंच्या त्रिमितीय रचनांचा संग्रह) तोड नाही. पैसे नाहीत, खातं उघडायची गरज नाही, आणि रचना ब्राउझरमध्येच मोलस्टार या दर्शकावर फिरवून बघता येते.

सुरुवात १जे५ई या नोंदीने करा (शोधताना अक्षरं रोमन टाका). रचना-जीवशास्त्रज्ञ वेंकी रामकृष्णन यांच्या गटाच्या २००० सालच्या कामातली ही ३०एस उपघटकाची (रायबोसोमचा लहान भाग) रचना आहे, विभेदन ३.०५ अँगस्ट्रॉम (आकडा जितका लहान, तितका तपशील जास्त). नवशिक्यांसाठी याहून सोयीची नोंद नाही, कारण साखळ्यांची (फाइलमधला प्रत्येक आरएनए किंवा प्रथिन ही एक साखळी) अक्षरं सरळ ओळीने लागलेली आहेत: ए म्हणजे १६एस आरएनए, बी म्हणजे लहान उपघटकातलं एस२ हे प्रथिन, सी म्हणजे एस३, असं करत टी म्हणजे एस२०. यू रिकामं सोडलंय आणि व्हीवर आहे टीएचएक्स हे छोटं प्रथिन.

हे टीएचएक्स आवर्जून जवळून बघा. जेमतेम २६ अमिनो आम्लांचा धनभारित तुकडा, पण उपघटकाच्या डोक्यात आरएनएच्या घड्या जिथे एकत्र येतात त्या पोकळीत अगदी चपखल बसलेला. बाकी सगळं लपवा, व्ही साखळी आणि तिच्यापासून ५ अँगस्ट्रॉमच्या आतलं आरएनए तेवढं ठेवा. पाचरीसारखं काम लगेच कळतं. ई. कोलाय या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जिवाणूकडे हा तुकडाच नाही. एस४ आणि एस१४ मध्ये जस्ताचा एकेक अणू दिसेल, तोही ई. कोलायच्या या प्रथिनांत नसतो. एस१ मात्र दिसत नाही म्हणून थर्मसकडे ते नाहीच, असं लिहून मोकळे होऊ नका. स्फटिक करण्याआधी ते काढून टाकलेलं होतं. एस२१ खरोखरच नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो आरएनएच्या क्रमांकांत. क्रमांक ई. कोलायप्रमाणे दिलेत, त्यामुळे जादा न्यूक्लिओटाइड १९०ए ते १९०एल असे अक्षर जोडून येतात. तुमची स्क्रिप्ट फक्त आकडा वाचत असेल तर ती सगळी एकमेकांवर लिहिली जातात, आणि त्रुटीचा संदेशही येत नाही. अक्षरासकट वाचा.

पूर्ण ७०एस (दोन्ही उपघटकांसह अख्खा रायबोसोम) हवा असेल तर ४व्ही५१ घ्या: २००६, २.८ अँगस्ट्रॉम. पूर्वी ही चार फायलींत विभागलेली होती, कारण जुन्या पीडीबी फॉरमॅटमध्ये ९९,९९९ पेक्षा जास्त अणू मावत नाहीत. आता एमएमसिफ या नव्या फॉरमॅटमधली एकच फाइल मिळते. तिच्यात दोन अख्खे रायबोसोम आहेत; संपर्क मोजण्याआधी एक वगळा, नाहीतर सगळे आकडे दुप्पट येतील.

उष्णतारोधाचं कारण शोधताना लोक मीठ-सेतू (विरुद्ध भारांच्या अमिनो आम्लांमधले बंध) मोजायला धावतात. ३ अँगस्ट्रॉमला लायसिन, आर्जिनिन या धनभारित अमिनो आम्लांची टोकं बऱ्याचदा धूसर असतात, तेव्हा आधी नोंदीसोबतचा पडताळणी अहवाल उघडा. पायरोकोकस फ्युरिओसस या उष्णताप्रेमी आर्कियाच्या (जिवाणूंहून वेगळ्या सूक्ष्मजीवाच्या) रायबोसोमची ४व्ही६यू तर ६.६ अँगस्ट्रॉमची आहे. कोणतं प्रथिन कुठे आहे आणि एल७एई हे प्रथिन एकाहून अधिक जागी कसं बसतं, हे तिच्यात छान दिसतं. बाजूच्या साखळ्यांसाठी तिचा उपयोग नाही. आणि थर्मस व पायरोकोकसच्या नोंदी शेजारी ठेवताना प्रथिनांची यूएस (सगळ्या सजीवांतली), बीएस (जिवाणूंतली), ईएस (दृश्यकेंद्रकी पेशींतली) अशी सुरू होणारी नवी नावंच वापरा. जिवाणूतलं जुनं एस७ आणि यीस्टमधलं एस५ हे एकच प्रथिन आहे, यूएस७.