डीऑक्सिट एफ५ आणि डी५ : गिटारच्या खरखरीवर अख्खा पावसाळा वापरल्यानंतर

गिटारचा व्हॉल्यूम फिरवला की स्पीकरमधून खर्र-खर्र येते, टोनचा नॉब हलवला की आवाज जातो-येतो. या दुखण्यावर डीऑक्सिट या कॉन्टॅक्ट क्लीनरचे (वीज जोडणारे भाग साफ करणाऱ्या द्रवाचे) दोन स्प्रे मी मे महिन्यात आणले आणि पावसाळा संपून दिवाळीपर्यंत सतत वापरले. मत आधीच सांगून टाकतो. खरखर धुळीची, ऑक्साईडची असेल तर पैसे पूर्ण वसूल. ती नॉबच्या आतल्या झिजलेल्या पट्टीची, म्हणजे ट्रॅकची असेल, किंवा भलतीकडून आलेल्या डीसीची (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची) असेल, तर डबा रिकामा केलात तरी फरक पडणार नाही. त्यामुळे इथे स्प्रेइतकंच खरखर कुठून येते ते ओळखण्याबद्दलही लिहितोय.

मी वसईला राहतो. समुद्र जवळ, जून ते सप्टेंबर हवेत पाणीच पाणी, त्यात मीठ. लग्नाच्या आणि सणांच्या कार्यक्रमांना वाजवतो, म्हणजे सामान टेम्पोतून मंडपात आणि मंडपातून परत घरी. एक स्ट्रॅट पद्धतीची गिटार, एक लेस पॉल पद्धतीची, एक ट्यूब अँप (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा) आणि आवाजात बदल करणारे सातआठ पेडल. या सगळ्यांवर दोन्ही स्प्रे वापरून झाले.

नॉबच्या खाली जो भाग असतो तो पॉट (पोटेन्शिओमीटर). पॉटच्या आत घोड्याच्या नालेसारखी कार्बनची पट्टी असते आणि तिच्यावरून धातूचा वायपर घासत जातो. तारांच्या कंपनाचा सिग्नल बनवणारे पिकअप सिंगल कॉईलचे, म्हणजे एका गुंडाळीचे असतील तर पॉट बहुधा २५० के (किलोओहम), हंबकर म्हणजे दोन गुंडाळ्यांचे असतील तर ५०० के. पट्टीवर कचरा बसला की वायपर क्षणभर टेकतो, क्षणभर सुटतो. पिकअपचा सिग्नल मुळातच बारीक, आणि पुढे अँपचा गेन तो अनेक पटींनी मोठा करतो. त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा कणसुद्धा मंडपात शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जातो.

आता दोन स्प्रे कशाला, असं कुणीही विचारेल. डी५ हा ऑक्साईड काढणारा. द्रव लालसर असतो आणि त्यातला मूळ पदार्थ ५ टक्के, बाकी द्रावक आणि गॅस. जॅक, पिकअप सिलेक्टर (कोणता पिकअप वाजवायचा ते निवडणारा स्विच), ट्यूबचे सॉकेट, म्हणजे जिथे धातू धातूला टेकतो तिथे हा. एफ५ हा फेडर (सरकवायचे नॉब) आणि पॉटसाठी. कार्बन आणि कंडक्टिव्ह प्लास्टिकच्या ट्रॅकवर तो वंगणाचा पातळ थर सोडतो. पॉटमध्ये डी५ मारला तरी खरखर जाते, मी लेस पॉलच्या एका टोन पॉटवर मुद्दाम तसं करून पाहिलं. पण ज्या पॉटमध्ये एफ५ मारला होता ते फिरायला जास्त गुळगुळीत राहिले आणि पाऊस उलटेपर्यंत पुन्हा उघडावे लागले नाहीत. एकच घ्यायचा असेल आणि दुखणं फक्त नॉबचं असेल, तर एफ५ घ्या.

आधी मी आपल्याकडे सगळीकडे मिळणारा, काही मागे न सोडता उडून जाणारा कॉन्टॅक्ट क्लीनर वापरायचो. तो साफ उत्तम करतो, यात शंका नाही. अडचण अशी की पॉटमधलं कारखान्यातून आलेलं ग्रीसही तो धुऊन नेतो. मग नॉब एकतर भिंगरीसारखा सुटा फिरतो नाहीतर कोरडा घासतो, आणि महिन्याभरात खरखर परत. आयसोप्रोपिल अल्कोहोलचंही तेच. साध्या निळ्या-पिवळ्या डब्यातल्या डब्ल्यूडी-४० बद्दल बरेच जण विचारतात. तो पाणी हटवण्यासाठी आणि गंज रोखण्यासाठी बनवलेला आहे. पॉटमध्ये मारला तर मागे तेलकट थर राहतो आणि धूळ त्यावर चिकटते. त्याच कंपनीचा कॉन्टॅक्ट क्लीनर ही वेगळी वस्तू आहे, दोन्हींत घोळ करू नका.

मारायची पद्धत सोपी, पण घाई नको. स्ट्रॅटमध्ये सगळे पॉट पिकगार्डच्या (पुढच्या बाजूच्या प्लास्टिकच्या झाकणाच्या) खाली लटकलेले असतात, त्यामुळे तारा सैल करून पिकगार्डचे स्क्रू काढावेच लागतात. लेस पॉलचं काम सुखाचं, मागची प्लेट उघडली की चारही पॉट समोर. पॉटच्या तीन पायांच्या वरच्या बाजूला, पत्र्याचं भांडं आणि तपकिरी पट्टी यांच्यामध्ये एक फट दिसते. नळीचं टोक नेमकं तिथे टेकवायचं, टिचकीभर स्प्रे मारायचा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरावीस वेळा फिरवायचा. शाफ्टवर वरून स्प्रे मारून आत फारसं काही जात नाही, बाहेर मात्र ओघळ येतो. खाली जुनं कापड धरा. स्प्रेचा ओघळ गिटारच्या फिनिशवर गेला तर लगेच पुसा, विशेषतः नायट्रोसेल्युलोज फिनिश असेल तर. डबा ज्वालाग्राही आहे. खिडकी उघडी ठेवा, सोल्डरिंग गन बाजूला ठेवा आणि वाळल्याशिवाय अँप चालू करू नका.

स्ट्रॅटच्या सिलेक्टरवर डी५ ने जे काम केलं ते मला सगळ्यात आवडलं. उघड्या पद्धतीचा पाच-वे स्विच असल्यामुळे आतली पाती नीट दिसत होती, काळवंडलेली. थेंबभर डी५, लिव्हर वीसेक वेळा इकडून तिकडे, मग कानकाडीने पुसलं तर कापूस राखाडी होऊन आला. दुसऱ्या नंबरच्या पोझिशनला आवाज गायब व्हायचा, तो तेव्हापासून एकदाही गेलेला नाही.

आता जिथे स्प्रे चालत नाही ते.

स्ट्रॅटचा व्हॉल्यूम साफ करूनही खरखरतच होता. लॅमिंग्टन रोडला अँप दुरुस्त करणारे एक काका आहेत, त्यांना म्हटलं, "काका, पॉट बदलून टाकू का?" ते म्हणाले, "थांब रे, आधी गिटार सरळ अँपला लावून बघ." सरळ लावली तर आवाज स्वच्छ. दोष निघाला माझ्या जुन्या फझ पेडलमध्ये, म्हणजे आवाज फाटका करणाऱ्या पेडलमध्ये. त्याचा इनपुट कपॅसिटर गळत होता आणि पेडलमधला डीसी केबलमधून उलटा गिटारच्या पॉटवर येत होता. पॉटवर डीसी असला की ट्रॅक आरशासारखा स्वच्छ असला तरी फिरवताना खरखरणारच. कपॅसिटर बदलला, खरखर संपली. म्हणून डबा हातात घेण्याआधी पेडलबोर्ड बाजूला काढून ऐका, दोन मिनिटांचं काम आहे.

अँपमध्येही तसंच. गिटारची केबल काढून अँपचेच नॉब फिरवा. तरीही खरखर असेल तर ती अँपची. ट्यूब अँपमध्ये दोन टप्प्यांमधला कपलिंग कपॅसिटर गळू लागला की व्हॉल्यूम किंवा टोन पॉटवर डीसी चढतो, आणि तो क्लीनरने जात नाही. हे तपासायला चासी (अँपचा आतला सांगाडा) उघडून चालू अँपवर मीटर लावावा लागतो. आत काहीशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये ते टिकून राहू शकतात. हे काम जाणकार मेकॅनिककडेच द्या, अगदी कळकळीने सांगतो.

अँपचा आवाज मधूनच बसत असेल तर इफेक्ट्स लूपकडे, म्हणजे अँपच्या सिग्नलच्या मध्येच पेडल जोडायच्या जॅककडे, बघा. कित्येक अँपमध्ये सेंड-रिटर्नच्या जॅकमध्ये स्विचसारखे कॉन्टॅक्ट असतात, वर्षानुवर्षं काही न लावल्यामुळे ते काळे पडतात. सेंडमधून रिटर्नमध्ये एक छोटी पॅच केबल लावा. आवाज पूर्ववत झाला तर दोषी तो जॅक. अँप बंद ठेवून प्लगवर डी५ चा फवारा मारायचा आणि तो प्लग रिटर्नमध्ये आतबाहेर करायचा. माझं तेवढ्यात भागलं.

तक्रारी आहेत. किंमत साध्या क्लीनरच्या कितीतरी पट आहे, आणि आपल्याकडे तो सहज दुकानात मिळत नाही, मागवावा लागतो. दाब जास्त असल्यामुळे टिचकीभर म्हणता म्हणता बरंच बाहेर पडतं. नुसत्या पॉटसाठी यापेक्षा थेंब सोडणारी छोटी बाटली मला बरी वाटली असती. पेडलमधल्या बंद पॉटमध्ये नळीला शिरायला फटच सापडत नाही. वर्षाला एकदा गिटार उघडणाऱ्याने डबा विकत घेण्यापेक्षा बँडमधल्या चौघांनी मिळून एक घ्यावा.

लेस पॉलच्या एका व्हॉल्यूमला मात्र शेवटी नवा पॉट बसवावा लागला. त्याची खरखर दरवेळी नेमकी एकाच जागी, नॉबवरच्या सातच्या आकड्यापाशी यायची. कचऱ्याची खरखर अशी एका जागी बसून राहत नाही. तिथे कार्बनच झिजलेला होता. काट्याच्या मीटरवर नॉब हळू फिरवला तर त्याच जागी काटा उडी मारताना दिसला. तुमच्यावर ही वेळ आली तर पॉट घेताना के च्या आकड्याबरोबर ए की बी हेही बघा. टेपर म्हणजे नॉब फिरवताना रोध कोणत्या चालीने बदलतो ते. आजच्या बहुतेक पॉटवर ए म्हणजे ऑडिओ टेपर (कानाला सारखा वाटणारा बदल), बी म्हणजे लिनियर (सरळ प्रमाणात). व्हॉल्यूमला मला ए लागतो. आणि शाफ्ट मोजा. आशियाई बनावटीच्या गिटारना बहुधा १६ मिलिमीटरचे छोटे पॉट आणि १८ दात्यांचा शाफ्ट असतो, अमेरिकन सीटीएस कंपनीच्या पॉटच्या दातेरी शाफ्टला २४ दाते. जुना नॉब नव्यावर बसला नाही तर दुकानात दुसरी चक्कर होते, आणि सीटीएससाठी गिटारचं भोकही मोठं करावं लागू शकतं.