जुन्या २४०झेडमध्ये एलएस३ टाकताय? वायरिंगचे तीन रस्ते शेजारी शेजारी ठेवून बघू

डॅटसन २४०झेड ह्या जुन्या जपानी स्पोर्ट्स कारमध्ये जनरल मोटर्सचं (जीएमचं) एलएस३ हे व्ही८ इंजिन बसवायचं बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं, आणि मेकॅनिकल भागाची आता तशी भीती राहिलेली नाही, माउंट तयार मिळतात, गिअरबॉक्सचा क्रॉसमेंबर मिळतो, कुठला ऑइल पॅन बसतो तेही लोकांनी शोधून ठेवलंय. गाडी अडते ती वायरिंगपाशी. अमेरिकेत अर्धवट सोडून विकायला काढलेल्या प्रोजेक्ट गाड्यांच्या जाहिराती वाचा, "फक्त वायरिंग बाकी आहे" हे वाक्य इतक्यांदा दिसेल की त्यातला "फक्त" खोटा आहे हे लगेच कळतं.

कारण सरळ आहे. एकीकडे १९७०-७३ ची गाडी, दोन कार्ब्युरेटर, पॉइंटवाला डिस्ट्रिब्युटर, १५१ हॉर्सपॉवर आणि कॉम्प्युटर नावाची वस्तूच नाही. दुसरीकडे २००८ च्या कॉर्व्हेटमधून आलेली ६.२ लिटरची व्ही८, ४३० हॉर्सपॉवर, प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल, आणि थ्रॉटलला केबलच नाही, सगळं पेडलच्या सेन्सरवर. ह्या दोघांची ओळख करून द्यायचे मुख्य रस्ते तीन: इंजिन जिच्यातून आलं त्या डोनर गाडीचंच हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, सोलून वापरायचं, तयार स्टँडअलोन (दुसऱ्या गाडीत स्वतंत्रपणे चालणारं) हार्नेस घेऊन कंपनीचाच ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, ठेवायचा, किंवा ईसीयूसकट सगळं आफ्टरमार्केट (बाहेरच्या कंपनीचं) घ्यायचं, जसं होली कंपनीचं टर्मिनेटर एक्स मॅक्स.

पण कुठलाही रस्ता धरायच्या आधी इंजिन नक्की कुठल्या पिढीचं आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. एलएसच्या क्रँकवर जे दातेरी चाक असतं, ज्यावरून ईसीयूला क्रँकची जागा कळते, ते जुन्या जेन ३ (तिसऱ्या पिढी) मध्ये २४एक्स, आणि एलएस३ सारख्या नंतरच्या जेन ४ इंजिनांत ५८एक्स. २४एक्सचा ईसीयू ५८एक्सचं इंजिन चालवूच शकत नाही, मध्ये सिग्नल बदलून देणारं मॉड्युल लावावं लागतं. ओळखायची खूण म्हणजे कॅम सेन्सर इंजिनच्या मागच्या बाजूला असेल तर जेन ३, पुढच्या टायमिंग कव्हरवर असेल तर जेन ४, पण सुरुवातीच्या जेन ४ इंजिनांत काही २४एक्स पण निघाली, त्यामुळे क्रँक सेन्सरचा रंगसुद्धा बघा, साधारणपणे काळा असेल तर २४एक्स आणि करडा असेल तर ५८एक्स. हे न बघता हार्नेस मागवलं तर पैसे पाण्यात.

आता पहिला रस्ता, डोनरचं हार्नेस. भंगारयार्डातून इंजिनासोबत हार्नेस आणि ईसीयू आला असेल तर पैशाच्या हिशोबात ह्याला तोड नाही, आणि जीएमच्या मूळ वायरी आणि टर्मिनल ह्यांची क्वालिटी खरंच चांगली असते, घरी बसून तसं क्रिंप करणं सोपं नाही. काम असं, की अख्खं हार्नेस टेबलावर पसरायचं, त्या ईसीयूचा पिनआउट (कुठल्या पिनला कुठली वायर ह्याचा तक्ता) शेजारी ठेवायचा, प्रत्येक कनेक्टरला चिठ्ठी लावायची, आणि मग नको ते एकेक पिन काढून बाहेर ओढायचं: मागचे ऑक्सिजन सेन्सर, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, टाकीच्या वाफेचा व्हॉल्व्ह, डॅशबोर्डकडे जाणाऱ्या वायरी. कापायचं नाही, ईसीयूच्या प्लगमधून पिनसकट काढायचं, नाहीतर आत आंधळी टोकं राहतात आणि कधीतरी चॅसीला टेकतात. ज्याला ह्या कामात गोडी आहे त्याने हा रस्ता जरूर घ्यावा, कारण शेवटी आपल्या गाडीतली एकूणएक वायर आपल्याला तोंडपाठ झालेली असते आणि पुढे रस्त्यात गाडी बंद पडली की ह्याच्याइतकं उपयोगी काही नाही.

अडचण लांबीची येते. झेडमध्ये ईसीयू केबिनमध्ये, पॅसेंजरच्या पायाच्या वरच्या जागेत ठेवायला बरा पडतो, म्हणजे हार्नेस इंजिनच्या मागून फायरवॉलमधून आत यायला हवं. डोनरमध्ये ईसीयू इंजिन बेमध्येच कुठेतरी असतो आणि फांद्या त्याप्रमाणे फुटलेल्या असतात. मग वायरी वाढवायच्या, म्हणजे प्रत्येक वायरीला एक सांधा, आणि क्रँक सेन्सर किंवा थ्रॉटलच्या वायरीला सांधा मारायचा म्हटलं की माझ्या तरी जीवावर येतं. चार-पाच वायरी वाढवाव्या लागत असतील तर ठीक, निम्मं हार्नेस वाढवायची वेळ आली तर दुसरा रस्ता बघा. कनेक्टरच्या लॉकच्या टाचा पण बघून घ्या, उष्णतेने कडक झालेल्या असतात आणि हात लावला की तुटतात.

दुसऱ्या रस्त्यात कंपनीचा ईसीयू, एलएस३ साठी ई३८, तसाच राहतो आणि हार्नेस नवीन, तुमच्या लांबीचं, फ्यूज-रिलेच्या डबीसकट येतं. जीएम स्वतःच पूर्ण कंट्रोलर किट विकते, त्यात पेडल, एअर मास सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा), ऑक्सिजन सेन्सर सगळं येतं, ते महाग पडतं पण ईसीयू आधीच प्रोग्रॅम केलेला असतो. वापरलेला ईसीयू आणि वेगळं हार्नेस घेतलं तर कमी पैशात होतं, फक्त ट्यूनरकडून, म्हणजे ईसीयूचं प्रोग्रॅमिंग करणाऱ्याकडून, चोरीविरोधी लॉक काढून घ्यावं लागतं, नाहीतर इंजिन पेटूच देत नाही, आणि मागचे ऑक्सिजन सेन्सर पण बंद करून घ्यायचे. एचपी ट्यूनर्स हे सॉफ्टवेअर वापरणारा माणूस जवळपास असला की हे पटकन होतं.

ह्या ईसीयूची खरी किंमत थंडीच्या सकाळी कळते. मिशिगनसारख्या ठिकाणी शून्याखाली तापमान असताना किल्ली फिरवली की लगेच पेटणं, एसी लावला तरी आयडल न डगमगणं, हलकं पेट्रोल पडलं तर नॉक सेन्सर (इंजिनातला ठोका ऐकणारा) ऐकून ठिणगीचं टायमिंग मागे घेणं, ह्यावर कंपनीच्या इंजिनियरांनी केवढं काम केलेलं असतं! ते सगळं तयार मिळतं. शिवाय ओबीडी (बिघाडाचे कोड वाचायचा) पोर्ट राहतो, कुठल्याही पार्ट्सच्या दुकानातला साधा स्कॅनर लावून कोड वाचता येतो. बदल्यात त्याला काही गोष्टी द्याव्या लागतात: एअर मास सेन्सरला नीट सरळ पाइप हवा आणि झेडच्या नाकात तेवढी जागा काढायला डोकं लावावं लागतं, आणि गाडीचा वेग कळवणारा सेन्सर जोडलेला हवा. हा वेगाचा सिग्नल पुष्कळ जण सोडून देतात आणि मग सिग्नलला गाडी थांबताना इंजिन घुटमळतं किंवा बंद पडतं, कारण ईसीयूला वाटतं गाडी उभीच आहे.

तिसरा रस्ता, टर्मिनेटर एक्स मॅक्स. साधं टर्मिनेटर एक्स केबलवाल्या थ्रॉटलसाठी आहे, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल चालवायचं असेल तर मॅक्सच लागतं, ऑर्डर देताना हे नीट बघा. ह्यात एअर मास सेन्सरच नाही, मॅनिफोल्डचं प्रेशर आणि हवेचं तापमान ह्यावर हिशोब चालतो, त्यामुळे पाइपिंग मोकळं. वाइडबँड (हवा-पेट्रोलचं प्रमाण अचूक मोजणारा) सेन्सर सोबत येतो, छोटी टचस्क्रीन येते, लॅपटॉपशिवाय सुरुवातीची माहिती भरून इंजिन पेटवता येतं. मोठा कॅम टाकायचा असेल, टर्बोचा विचार असेल, दर सहा महिन्यांनी काहीतरी बदलत राहायचा स्वभाव असेल, तर हेच घ्या, दुसरं बघूच नका, कारण प्रत्येक बदलाला ट्यूनरकडे जायची गरज राहत नाही.

पण "सेल्फ लर्निंग" ह्या शब्दावर फार विसंबू नका. ते शिकतं ते पेट्रोलचं प्रमाण. इग्निशन टायमिंग ते आपोआप शिकत नाही, ते भरलेल्या नकाशाप्रमाणेच चालतं, आणि इंजिन फुटतं ते बहुतेक टायमिंगमुळे. थंड स्टार्ट आणि आयडल हेही स्वतः बसून जुळवावं लागतं. स्टॉक एलएस३, रोजचं किंवा रविवारचं चालवणं, एवढंच असेल तर हे म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

इथपर्यंत सगळं इंजिनच्या बाजूचं झालं, आणि लोक तुलना इथेच थांबवतात. मला तर वाटतं की तिन्ही रस्त्यांत इंजिनची बाजू कमीजास्त मेहनतीने होतेच, गाडी रखडते ती डॅटसनच्या बाजूने, आणि ते काम तुम्ही कितीही महाग ईसीयू घेतला तरी चुकत नाही.

एक उदाहरण सांगतो. मित्राच्या झेडमध्ये तयार हार्नेस, कंपनीचा ईसीयू, सगळं नवं. स्टार्टर फिरायचा, फिरतच राहायचा, इंजिन काही पकडायचं नाही, आणि किल्ली सोडली की त्या क्षणी एकदा धडधडून जायचं. सगळ्यांचं बोट ईसीयूकडे. मी मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं हार्नेसच्या गुलाबी वायरीला लावलं, जीएममध्ये गुलाबी म्हणजे किल्लीची वीज आणि केशरी म्हणजे कायमची. किल्ली ऑन केली, साडेबारा व्होल्ट. स्टार्टला नेली, शून्य. गुलाबी वायर रेडिओच्या सर्किटवर जोडलेली होती, आणि ते सर्किट स्टार्टर फिरताना बंद होतं. ईसीयूला स्टार्टच्या वेळी वीजच मिळत नव्हती, दुसरं काही नाही. त्यामुळे किल्लीची वायर ऑन आणि स्टार्ट दोन्ही ठिकाणी जिवंत राहते का ते मीटर लावून बघा, डायग्रामवर भरवसा ठेवून नको, पन्नास वर्षांत त्या गाडीत किती जणांनी हात घातलेत कुणाला माहीत. आणि ती वीज बॅलास्ट रेझिस्टरच्या (कॉइलकडे जाणारी वीज कमी करणाऱ्या भागाच्या) पुढून घेऊ नका, तिथे पूर्ण बारा व्होल्ट नसतात. सुरुवातीच्या २४०झेडमध्ये तर कॉइलचा करंट टॅकोमीटरमधून फिरून जातो, म्हणजे टॅक दुरुस्तीला काढला की पुढचं सगळं मेलं.

त्या टॅकचं, म्हणजे इंजिनच्या फेऱ्या दाखवणाऱ्या टॅकोमीटरचं, पण ठरवावं लागतं. तो एका कॉइलच्या करंटवर चालतो आणि एलएसला आठ कॉइल, शिवाय त्याला फेरीमागे तीन पल्सची सवय, सहा सिलिंडरची. आतलं सर्किट बदलून घ्या किंवा सिग्नल बदलणारी डबी लावा. स्पीडोमीटर केबलचा, एलएससोबत बऱ्याचदा लावतात त्या टी५६ गिअरबॉक्सला केबल नाही, तिथेही तेच.

अॅमीटरचा विषय मात्र जास्त गंभीर आहे. २४०झेडच्या डॅशवर पेट्रोलच्या गेजसोबत एकाच डबीत अॅमीटर (करंट मोजणारं मीटर) आहे आणि गाडीचा चार्जिंगचा करंट त्यातून जातो. जुना अल्टरनेटर पन्नास अँपच्या आसपासचा, एलएसचा त्याच्या दुपटीहून जास्त देऊ शकतो, वर दोन इलेक्ट्रिक फॅन आणि मोठा पेट्रोल पंप. ते सगळं त्या जुन्या वायरीतून डॅशपर्यंत नेऊन परत आणणं म्हणजे आग लावायची तयारी. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत जाड वायर थेट घ्या, मध्ये मोठा फ्यूज, अॅमीटर बायपास करा, वाटलं तर त्याच डबीत व्होल्टमीटर बसवून घ्या. बाहेरचा जुना व्होल्टेज रेग्युलेटर पण सर्किटमधून काढावा लागतो, नव्या अल्टरनेटरमध्ये तो आतच असतो.

हेडलाइटला ह्या गाडीत रिले नाहीत, सगळा करंट स्टीअरिंगजवळच्या स्विचमधून जातो. तो स्विच उघडून बघितला तर कितीतरी गाड्यांत प्लास्टिक तपकिरी पडून वितळलेलं सापडतं, फ्यूजबॉक्सचंही तसंच. वायरिंग काढलंच आहे तर रिले लावूनच टाका.

पेट्रोल पंपाला एलएस३ साठी ५८ पीएसआय लागतं, कार्ब्युरेटरवाल्या गाडीचं तीन-चारमध्ये भागायचं. नव्या पंपाचा रिले ईसीयूच्या ताब्यात द्या, किल्लीवर थेट जोडू नका. जीएमचा ईसीयू किल्ली ऑन केली की दोनेक सेकंद पंप चालवतो आणि क्रँक फिरताना दिसला नाही तर बंद करतो. अपघातात पाइप तुटला आणि इंजिन बंद पडलं तर पंपही बंद व्हायला हवा, थेट किल्लीवर जोडलेला पंप पेट्रोल ओतत राहील. अर्थिंगही तसंच, बॅटरीपासून ब्लॉकला एक जाड वायर, ब्लॉकपासून बॉडीला दुसरी, आणि ईसीयूचे अर्थ सिलिंडर हेडच्या मागे रंग खरवडून स्वच्छ धातूवर.

मग निवड काय करायची? स्टॉक किंवा जवळपास स्टॉक एलएस३ असेल तर माझं मत सरळ आहे, तयार हार्नेस आणि कंपनीचा ईसीयू, आणि वाचलेला वेळ वरच्या डॅटसनच्या कामावर घालवा. इंजिन मॉडिफाय करणारच असाल तर होली. डोनरचं हार्नेस त्यांच्यासाठी ज्यांच्याकडे पैसे कमी, वेळ भरपूर आणि क्रिंपिंगचं चांगलं हत्यार आहे, पक्कड चालणार नाही.

कॅलिफोर्नियात असाल तर २४०झेडला स्मॉगचं (धुराच्या सरकारी तपासणीचं) टेन्शन नाही, १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना सूट आहे. पण हाच विचार १९९३ च्या माझदा आरएक्स-७ साठी करत असाल तर होलीचा रस्ता जवळपास बंद, तिथे रेफरीपुढे, म्हणजे इंजिन बदललेल्या गाड्या तपासणाऱ्या अधिकृत केंद्रात, गाडी न्यावी लागते आणि डोनर इंजिनची सगळी एमिशनची सामग्री जागेवर लागते, त्यासाठी जीएमचं ई-रॉड किट बघा, ते जुन्या गाड्यांसाठी मंजूर आहे.

आणि ऑर्डर टाकायच्या आधी तुमच्या भागातल्या ट्यूनरला फोन करून विचारा की तो ई३८ वर काम करतो की होलीवर. दोनशे मैलांत एकच चांगला माणूस असेल आणि तो होलीवालाच असेल, तर वरचं माझं मत बाजूला ठेवा आणि होली घ्या.